मदत हवी: अक्काला लेट्रोझोल द्यायची की टॅमॉक्सिफेन?

खानापूर_नाका
अक्काचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पुढचं सगळं झालं. आता पाच वर्षं गोळी. बेळगावच्या डॉक्टरांनी लेट्रोझोल २.५ लिहिली. दुसरं मत घ्यायला कोल्हापूरला गेलो तर तिथं टॅमॉक्सिफेन २०. पाळी बंद आहे. कुठली चांगली तेवढं सांगा, उद्या गोळ्या आणायच्या आहेत.

औषधं_निपाणी
वय किती? रिपोर्टवर ईआर, पीआर (गाठ इस्ट्रोजन, प्रोजेस्टेरॉन या बायकी संप्रेरकांवर वाढते का ते) आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) काय आहे? 'पुढचं सगळं' म्हणजे केमोसुद्धा का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

राकसकोप
पाळी बंद म्हणजे लेट्रोझोलच. पाळी गेलेल्या बायकांत टॅमॉक्सिफेनपेक्षा या गोळ्यांवर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी राहतं. शिवाय टॅमॉक्सिफेननं गर्भपिशवीचा कॅन्सर होऊ शकतो. विषय संपला.

औषधं_निपाणी
@राकसकोप पाळी कशानं बंद झाली ते त्यांनी लिहिलंय कुठं?

खानापूर_नाका
वय ४६. ईआर ९०%, पीआर ७०%, हर-टू निगेटिव्ह. काखेतल्या दोन गाठींत होतं. केमो झाली, मग रेडिएशन. पाळी कधीच बंद आहे, गर्भपिशवी काढलीय ना! आता सांगा.

मार्कंडेय_काठ
दादा, मुद्दा इथंच आहे. गर्भपिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशय आत असतील तर ते इस्ट्रोजन तयार करत राहतात. आपल्याकडं चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत आणि 'पाळी बंद' एवढंच त्या डॉक्टरांना सांगतात.

लेट्रोझोल अंडाशयाबाहेर, चरबीत वगैरे होणारं इस्ट्रोजन थांबवते, अंडाशयाचं काम थांबवत नाही. चालू अंडाशयावर ती दिली तर मेंदूकडून उलट जास्त जोरानं हुकूम सुटतो आणि अंडाशय आणखी कामाला लागतात. मूल होत नाही म्हणून अंडं फुटायला देतात ती हीच गोळी. टॅमॉक्सिफेनचं तसं नाही. ती पेशीवरची इस्ट्रोजनची जागाच अडवते, म्हणून अंडाशय चालू असले तरी चालते.

पिशवीच्या ऑपरेशनची जुनी डिस्चार्ज समरी काढा. त्यात 'ओव्हरीज' शब्दापुढं काय लिहिलंय ते बघा. आणि गोळी सुरू व्हायच्या आधी एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल (अंडाशय चालू आहेत का ते सांगणारी रक्तातली संप्रेरकं) तपासून घ्या. केमोनंतर अंडाशय काही महिने गप्प बसतात आणि पुन्हा जागे होतात, त्यामुळं एका रिपोर्टवर विसंबायचं नाही. @राकसकोप, पिशवीच नाही तर तिच्या कॅन्सरची भीती इथं कशाला?

येळ्ळूर_शिवार
सोयाबीन, टोफू पूर्ण बंद करा. शिवाय महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, त्यात बघा.

औषधं_निपाणी
जेवणातल्या सोयाबीननं काही बिघडत नाही. टाळायच्या त्या सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल. आणि दोन्ही गोळ्या जेनेरिक मिळतात, योजनेचा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या. @खानापूर_नाका, अक्कांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? नैराश्यावरची पॅरोक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन असेल तर टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होतो.

खानापूर_नाका
दुसरी गोळी नाही. डाव्या पोटरीत गुठळी झाली होती, रक्त पातळ करायच्या वॉरफेरीनवर होती. ते जुनं, बरं झालं. त्याचा इथं काय संबंध? समरी सापडली: 'बोथ ओव्हरीज कन्झर्व्ड', म्हणजे दोन्ही अंडाशय ठेवलेत.

मार्कंडेय_काठ
संबंध मोठा आहे. टॅमॉक्सिफेननं गुठळीचा धोका वाढतो आणि एकदा होऊन गेलेल्या बाईला ती सहसा टाळतात. म्हणजे बेळगावला अंडाशयाचं सांगितलं नसणार आणि कोल्हापूरला गुठळीचं. दोघांनीही समोर होतं त्यावर बरोबरच लिहिलं.

समरी आणि गुठळीचा डॉप्लर (शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, दोन्ही एकाच डॉक्टरांपुढं ठेवा. विचारायचं ते हे: अंडाशय बंद करून लेट्रोझोल देता येईल का? एक वाट अंडाशय गप्प करणाऱ्या गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनची, दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली. तारीख लांबली तर अंडाशय जागे होऊ शकतात. दुसरी, दुर्बिणीतून दोन्ही अंडाशय काढायची. ते कायमचं, पण महिन्याच्या फेऱ्या वाचतात. काखेत गाठी असलेल्या कमी वयाच्या बायकांत नुसत्या टॅमॉक्सिफेनपेक्षा अशी जोडी जास्त राखण करते, त्यामुळं गुठळी नसती तरी हा प्रश्न निघालाच असता.

राकसकोप
शेवटी लेट्रोझोलच की! मी तेच म्हणत होतो.

औषधं_निपाणी
अंडाशय बंद केल्याशिवाय नाही. तोच तर फरक आहे.

@खानापूर_नाका, उद्या गोळ्या आणू नका. रक्ततपासणीसाठी चार दिवस गेले तर नुकसान नाही. लेट्रोझोल ठरली तर आधी हाडांचा डेक्सा स्कॅन करा आणि ड जीवनसत्त्व तपासा. सकाळी उठल्यावर बोटं आणि गुडघे आखडतात, बायका याच कारणानं न सांगता गोळी सोडतात. सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. त्याच जातीची ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन बदलून मिळते आणि पुष्कळांना ती सोसते. हाडांसाठी झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन सुचवलं तर किडलेला दात त्याच्या आधी काढून घ्या, नंतर जबड्याची जखम भरायला त्रास होतो.

खानापूर_नाका
अक्काच्या दोन दाढा हलतात. आधी दाताच्या डॉक्टरांकडं की आधी रक्त?

औषधं_निपाणी
आधी रक्त. दात त्याच आठवड्यात.