गॅरेज पंक, नॉइज रॉक : मराठीत लिहायचं कसं?

प्रश्न : कोल्हापूरच्या शाहूपुरीत आम्ही काहीजण मिळून एक हस्तलिखित अंक काढतो. या वेळी फारशा कुणी न ऐकलेल्या गॅरेज पंक आणि नॉइज रॉक (रॉक संगीताचे दोन कच्चे, कर्कश प्रकार) बँडवर लेख लिहितोय. 'अंडरग्राउंड'ला भूमिगत, 'नॉइज'ला गोंगाट आणि अशा बँडना उपेक्षित म्हटलं तर चालेल का? आणि गॅरेजला काय म्हणू?

प्रतिसाद : 'भूमिगत' नको. आपल्याकडे तो शब्द बेचाळीसच्या चळवळीचा आहे. पोलीस मागावर आहेत आणि माणूस गावोगाव लपतोय, हे चित्र तो लगेच उभं करतो. या बँडच्या मागावर कुणीच नव्हतं, दुखणं तेच होतं. 'अंडरग्राउंड' तसाच ठेवा, वाचकांना कळतो.

'गॅरेज'ही तसाच ठेवा, पण खुलाशाचं एक वाक्य हवंच. उद्यमनगरात गॅरेज म्हणजे गाडी दुरुस्त करायची जागा. अमेरिकेत घराला लागून गाडी ठेवायची खोली असते, तिला गॅरेज म्हणतात. १९६० च्या दशकात पोरं तिथं तालीम करायची, त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्याच टॅकोमाच्या सोनिक्स या बँडची पहिली एलपी रेकॉर्ड १९६५ ची. ती ऐकली की गायकाचा गळा आणि गिटार दोन्ही मर्यादेबाहेर ताणलेली जाणवतात. हा खुलासा नसेल तर आपला वाचक पाना-ग्रीसच्या वासातून बाहेरच पडणार नाही.

पंक नंतरचं आणि गॅरेज आधीचं, अशी सरळ विभागणी मात्र करू नका. १९७१ मध्ये क्रीम या अमेरिकी संगीत मासिकात समीक्षक डेव्ह मार्शनं 'पंक रॉक' लिहिलं ते क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्सबद्दल, म्हणजे साठच्या दशकातल्या गॅरेज बँडबद्दलच. 'गॅरेज पंक' हे जोडनाव पुढच्या पिढीला जास्त शोभतं : डेट्रॉइटचे गोरीज (दोन गिटार, एक ड्रम, बेस नाहीच), कॅलिफोर्नियाचे ममीज, मेम्फिसचे ओब्लिव्हियन्स.

आता 'उपेक्षित'. त्यात तक्रार आहे, हक्काचं होतं ते मिळालं नाही अशी. 'दुर्लक्षित' म्हणजे समोर असून कुणी बघितलं नाही. मंक्स या बँडला यातलं काहीच नेमकं बसत नाही. जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या पाच अमेरिकी सैनिकांचा हा बँड. त्यांची 'ब्लॅक मंक टाइम' ही रेकॉर्ड १९६६ मध्ये जर्मनीत निघाली आणि त्या वेळी अमेरिकेत आलीच नाही. मायदेशाची नजरच तिच्यावर पडली नाही. त्यासाठी 'अलक्षित' हा शब्द आहे, कमी वापरातला पण अचूक. तुमच्या लेखात तो वापरलात तर मला फार बरं वाटेल.

प्रतिसाद : भावा, नॉइजला 'गोंधळ' का नको? अस्सल आपला शब्द आहे.

प्रतिसाद : अस्सल आहे म्हणूनच नको. अंबाबाईच्या गोंधळाला क्रम असतो, संबळाची चाल असते. कोल्हापुरात बसून तो शब्द नुसत्या अव्यवस्थेसाठी खर्च करू नये. 'गोंगाट'ही जमत नाही. तो माणसांचा, बाजाराचा, कुणी न ठरवलेला असतो. नॉइज रॉकमधला प्रत्येक कर्कश आवाज मुद्दाम तिथं ठेवलेला असतो. बिग ब्लॅक या नॉइज रॉक बँडचंच घ्या. बराच काळ त्यांच्यात ड्रम वाजवणारा माणूस नव्हता, यंत्र होतं, आणि त्या यंत्राचं नाव 'रोलँड' असं सभासदांबरोबर छापायचे. १९८६ ची 'अ‍ॅटमायझर' ऐका. ते ठोके जराही ढळत नाहीत आणि त्यावर बँडच्या स्टीव्ह अल्बिनीची गिटार धातूसारखी खणखणते. याला गोंगाट म्हणणं अन्याय आहे.

म्हणून प्रकाराचं नाव 'नॉइज रॉक' राहू द्या, आणि वर्णनात आपली क्रियापदं मोकळी सोडा. इथं मराठी श्रीमंत आहे. अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) घरघरतो. टेप खरखरते. माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो. तालमीतली हलगी कडाडते आणि घुमकं घुमतं, तशी दोन वेगळी क्रियापदं गिटार आणि बेसलाही द्या. आणि सगळ्यात कामाचं, आवाज 'फाटतो'. मिरवणुकीत डॉल्बीवाल्याला आपण "फाटतोय, कमी कर" म्हणतो. किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं मात्र १९६४ मध्ये अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडनं कापला, आवाज फाटावा म्हणूनच. अशा फाटण्याला इंग्रजीत 'डिस्टॉर्शन' म्हणतात, पण त्यासाठी 'विरूपण' हा पाठ्यपुस्तकातला शब्द इथं आणू नका. त्यात बिघाड कळतो, मजा कळत नाही.

प्रश्नकर्ता : पटलं, 'अलक्षित' घेतो. मंक्सबद्दल लिहिताना त्यांच्या बँजोचा उल्लेख आहे. तो 'बेंजो' लिहू का?

प्रतिसाद : बँजोच लिहा. आपल्याकडच्या पार्टीतला बेंजो बटणं दाबून वाजतो, मंक्सचा गोल तोंडाचा आणि थेट तारा छेडून वाजवायचा होता. तो विजेवर जोडून त्यांनी त्याचा नुसता ताल केला, हे जरूर लिहा. आणि लिंग सांभाळा. बँड 'तो', अल्बमही 'तो', पण रेकॉर्ड ऐकायची असेल तर 'ती' : रेकॉर्ड निघाली, रेकॉर्ड लावली.