चढाला गाडी धक्के देते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. गॅरेजवाले क्लच बदला म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, ऐंशी हजार किमी.च्या पुढे गेलेली. मी हडपसरला राहते आणि आई सासवडला एकटी असते, त्यामुळे दिवे घाट कायमचाच. सपाटीला गाडी बरी चालते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धक्के देते, ओढ राहत नाही. दुसऱ्यावर घेतली की जरा सावरते. मागच्या खेपेला चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, वर सपाट रस्ता लागल्यावर नुसता पेटून राहिला. सिग्नलला उभी असताना थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. मोठा पाऊस झाला की त्रास वाढतो, पण कोरड्या दिवसांतही पूर्ण जात नाही.

टेम्परेचर चढत नाही, धूर नाही, जळका वास नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०३०२ कोड निघाला. सांगितलं मात्र असं की क्लचप्लेट गेलीय, पूर्ण सेट टाका, शिवाय ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या चारही कॉइल, ठिणगी पाडणारे चारही प्लग आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. मला हे पटत नाही. क्लच स्लिप होत असेल तर आरपीएम वर पळेल आणि गाडी मागे राहील ना? माझ्या गाडीत धक्का बसतो तेव्हा काटाही खाली येतो.

एवढा खर्च करण्याआधी काय काय तपासून घेऊ? आणि तोवर घाट चढावा का? आईची औषधं पोचवायची असतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद

ताई, तुमचा तर्क बरोबर आहे. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. क्लच घासल्याने हा कोड येत नाही. चढाला कमी आरपीएमवर जोर दिला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल तिथेच कच खाते. म्हणून सपाटीला गाडी ठीक वाटते.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर, इंजिन गार झाल्यावर, दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावून घ्या. कोड पुसून गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइलच गेलीय. दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का) तपासा. एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर दोष कुठला होता ते कधीच कळणार नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. कॉइल काढाल तेव्हा प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. पाणी दिसलं तर पावसाचं कोडं सुटलं. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, ते न बदलता नवी कॉइल टाकलीत तर तीही खराब होईल.

दिवा लुकलुकत असताना घाट अजिबात चढू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापतो, आणि तो गेला तर कॉइलच्या कितीतरी पट खर्च. औषधांसाठी तोवर एसटी किंवा पीएमपी बरी.

क्लचची शंका मोकळ्या रस्त्यावर मिटवा: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा एकदम वर गेला आणि वेग वाढला नाही तरच क्लच.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या मेकॅनिककडून कॉइलची अदलाबदल करून घेतली. मुंढव्याच्या पुलाच्या चढालाच धक्का बसला आणि कोड आला पी०३०३. खड्ड्यात पाण्याचे डाग होते, त्या कॉइलच्या रबराला बारीक चीर आहे. क्लचची चाचणीही केली, काटा आणि वेग बरोबरच वाढले. एक कॉइल मागवलीय. प्लग एकच बदलू की चारही?

प्रतिसाद

प्लग चारही बदला, या किलोमीटरला साधे प्लग झिजलेलेच असतात. कॉइल एकच पुरे. पाणी बॉनेटच्या मागच्या जाळीतून येतंय का तेही बघून घ्या. तिथे पानं साचून नळी तुंबते.