बेळगाव परिसरात कुत्र्याच्या दाढेवर परवडणारे उपचार कोठे होतील?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्व सदस्यांना नमस्कार. आमच्याकडे मुधोळ जातीची नऊ वर्षांची कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली, ती फुटून पू वाहिला आणि गोळ्या दिल्यावर जखम भरली. परंतु सुगीच्या दिवसांत त्याच जागी पुन्हा सूज आली आणि आता औषध थांबले की ती परत येते. ती भाकरी केवळ डाव्या बाजूने चावते, तोंडाला उग्र वास येतो आणि उजव्या गालाला हात लावू देत नाही.

शहरातील एका खासगी दवाखान्यात दाखवले असता, वरची मोठी दाढ चिरली असून भूल देऊन ती काढावी लागेल, असे सांगण्यात आले. त्यासाठी सांगितलेली रक्कम भातशेतीवर चालणाऱ्या आमच्या घराला एकदम उभी करणे कठीण आहे. दरम्यान एकाने भूल न देता अगदी कमी पैशांत दात साफ करून देण्याची तयारी दाखवली आहे, तर आमच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर, म्हणजे माणसांचे, दाढ काढून पाहू म्हणतात. वयामुळे तिला भूल सोसेल का, ही घरातल्या सर्वांची मोठी धास्ती आहे. सरकारी दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात हे काम होते का, याबाबत माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

नमस्कार. आपण लिहिलेली लक्षणे वाचताना आमच्या लॅब्रॅडोरचे दिवस आठवले, कारण त्याच्याही डोळ्याखालची सूज अशीच येत-जात होती. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात आणि त्यांपैकी वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही मांस कातरण्याची मुख्य दाढ असते. तिला तीन मुळे असतात व ती थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत गेलेली असतात. कडक हाड, दगड किंवा शिंग चावताना या दाढेचा बाहेरचा पापुद्रा तुटतो, आतली नस उघडी पडते, जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तिथे साठलेला पू डोळ्याखाली वाट काढतो. म्हणूनच प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी सूज ओसरते खरी, पण मेलेली नस दाढेत तशीच राहिल्यामुळे ती पुन्हा उद्भवते. गोळ्यांवर वारंवार होणारा खर्च एकत्र मोजला, तर दाढ एकदाच नीट काढून घेणे बहुधा स्वस्त पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूल न देता केलेल्या सफाईवर मात्र आपण एक रुपयाही खर्च करू नये. त्यात दिसणाऱ्या भागावरचे पिवळे किटण खरवडले जाते व दात पांढरे दिसतात. हिरडीखालची घाण, जिथे खरा आजार असतो, तिला हातही लागत नाही. आपल्या कुत्रीची तर तक्रारच मुळाची आहे, शिवाय दुखऱ्या जबड्याशी झटापट करणे हा तिला निष्कारण त्रास होईल.

निवृत्त पशुवैद्य (चिकोडी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु डोळ्याखालची प्रत्येक सूज दाढेचीच असते असे नाही. या वयात तोंडातील गाठ किंवा नाकाचा आजारही असू शकतो. आपल्या डॉक्टरांनी चिरलेली दाढ प्रत्यक्ष पाहिली आहे, त्यामुळे निदान योग्य असण्याचा संभव मोठा आहे. तरीही दाढ काढण्यापूर्वी एक्स-रे काढता आला तर अवश्य काढावा.

आता खर्चाविषयी. अशा दाढेवर नसेचा उपचार करून ती वाचवता येते, पण ती सोय मोठ्या शहरांतील मोजक्या ठिकाणी असते आणि महाग असते. दाढ काढून टाकणे हा कमी दर्जाचा उपाय नाही. त्याने वेदना पूर्ण थांबते आणि ती दाढ गेल्यावरही कुत्रे व्यवस्थित जेवते. तेव्हा दाढ वाचवण्याचा आग्रह सोडला की खर्चाचा मोठा भाग आपोआप कमी होतो. जिथे काटकसर करू नये अशा गोष्टी निराळ्या आहेत: भुलेपूर्वीची रक्ततपासणी, विशेषतः मूत्रपिंड व यकृताची, शिरेतून सलाईन, आणि पाणी, रक्त किंवा पू फुप्फुसात उतरू नये म्हणून श्वासनलिकेत घातलेली नळी. नऊ वर्षे हे वय एवढ्याच कारणाने भूल टाळण्याचे नाही, मात्र रक्ततपासणीचे महत्त्व त्यामुळे वाढते.

मुधोळविषयी एक बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ही ग्रेहाउंडसारखी, नजरेने शिकार करणारी सडपातळ जात आहे. अंगात चरबी अत्यल्प असल्याने थायोपेंटोनसारख्या काही भुलीच्या औषधांचा अंमल अशा कुत्र्यांत लांबतो, त्यामुळे औषधाची निवड व मात्रा विचारपूर्वक ठरवावी लागते. त्यांच्या अंगातील उष्णताही लवकर कमी होते; शस्त्रक्रियेच्या दिवशी घोंगडी सोबत न्यावी.

सरकारी सेवेबाबत सांगायचे, तर गावपातळीवरच्या पशुचिकित्सालयाचा भर गाई-म्हशींवर असतो आणि तीन मुळांची दाढ काढण्याची साधने तिथे सहसा नसतात. १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते वाहन तातडीच्या सेवेसाठी आहे, या कामासाठी नाही. आपण प्रथम जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशु पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन तिथे लहान जनावरांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारावे. तिथे जमत नसेल तर बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांकडे वळावे. गदगला एक आहे आणि आपल्याच जिल्ह्यात अथणी तालुक्यात कोकटनूरलाही आहे. शिकवण्याच्या रुग्णालयात शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते, परंतु वेळ जास्त लागतो. निघण्यापूर्वी शस्त्रक्रिया विभागाशी दूरध्वनीवर बोलून दाढ काढण्याची सोय आहे का, याची खात्री करावी.

माणसांच्या दंतवैद्यांनी स्वतंत्रपणे दाढ काढणे कायद्यातही बसत नाही, कारण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. पण त्यांची सदिच्छा वाया घालवू नये. दाढ तीन भागांत कापण्यासाठी लागणारे फिरते यंत्र आणि हातात धरण्याचे एक्स-रे यंत्र त्यांच्याकडे असू शकते. भूल व उपचाराची जबाबदारी पशुवैद्याने घ्यावी आणि साधनांची मदत त्यांनी करावी, अशी विनंती आपण दोघांनाही करू शकता.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. दंतवैद्यांशी आजच बोललो. पशुवैद्य हजर असतील तर यंत्र घेऊन येण्यास ते आनंदाने तयार आहेत. तारीख मिळेपर्यंत तिला वेदना होत राहणार, तर घरातील डोकेदुखीची गोळी थोडी देता येईल का? तसेच खासगी डॉक्टरांशी पैशांविषयी कसे बोलावे, याचा संकोच वाटतो.

वेदगंगा (निपाणी)

पैशांविषयी संकोच बाळगू नये. "आमची एवढी तयारी आहे, यात काय बसेल?" असे सरळ विचारले की बहुतेक डॉक्टर मार्ग काढतात. तपासणी, रक्त, भूल, दाढ काढणे आणि नंतरची औषधे यांचा वेगवेगळा अंदाज कागदावर मागून घ्यावा. रक्ततपासणी या महिन्यात आणि शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात असे दोन टप्पे केल्यास एकदम भार पडत नाही, मात्र मध्ये जास्त दिवस गेले तर तपासणी पुन्हा करावी लागते. इतर दातांवरही किटण असेल तर त्याच भुलेत सफाई करून घ्यावी, म्हणजे भुलेचा खर्च दुसऱ्यांदा होणार नाही.

आम्ही निपाणीकर सवयीने कोल्हापूरकडे पाहतो. तिथे खासगी दवाखाने आहेतच, आणि त्याच महामार्गावर पुढे सातारा जिल्ह्यात शिरवळला महाराष्ट्राचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खानापूरहून ते फार लांब पडेल, तेव्हा गदगचा विचार आधी करावा. कोठेही गेलात तरी जुने केसपेपर, आतापर्यंत दिलेल्या गोळ्यांची नावे आणि लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे. केसपेपर कन्नडमध्ये असेल आणि शिरवळला जायचे ठरले, तर औषधांची नावे डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घेतलेली बरी.

निवृत्त पशुवैद्य (चिकोडी)

माणसांची वेदनाशामक गोळी कृपया देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही मात्रा चुकली की यकृताला घातक ठरते. आपल्या डॉक्टरांना तिचे वजन सांगून कुत्र्यांसाठीचे औषध लिहून घ्यावे. ते आणि माणसांची गोळी एकत्र झाल्यास धोका वाढतो, म्हणून पूर्वी काही दिले असेल तर तेही सांगावे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट काळजीने लिहितो. कुत्रे लाळ गाळत असेल, खाणे सोडले असेल, तर दात दुखतो किंवा हाड अडकले असे समजून पुष्कळ लोक त्याच्या तोंडात हात घालतात. रेबीजची सुरुवात नेमकी अशीच दिसू शकते. लस न झालेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ जखमेला लागली तर जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे.

आपल्या कुत्रीला शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नये. पाणी केव्हा थांबवायचे ते डॉक्टर सांगतील. दाढ काढल्यावर तिन्ही मुळे अखंड बाहेर आली का, हे अवश्य विचारावे, कारण आत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा पू धरू शकतो. टाके बहुधा विरघळणारे असतात. त्यानंतर दहा ते चौदा दिवस मऊ भात, पेज किंवा चांगली भिजवून कुस्करलेली भाकरी द्यावी. कांदा-लसूण घातलेले काही देऊ नये. जखम भरल्यावर उरलेल्या दातांसाठी बोटाला मऊ कापड गुंडाळून किंवा लहान मुलांच्या ब्रशने दररोज बाहेरच्या बाजूने घासावे. दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा घासून उपयोग होत नाही. पेस्ट कुत्र्यांसाठीची नसेल तर नुसते पाणी वापरावे. माणसांच्या पेस्टमधील फ्लोराइड, आणि काहींमध्ये असणारे झायलिटॉल, गिळल्यास त्यांना अपाय करते. आणि अंगणात हाडे टाकणे आजपासूनच बंद करावे, कारण डाव्या बाजूची तशीच दाढ अजून शाबूत आहे.