अनुभव धागा : ट्रकच्या केबिनमधून दिसणाऱ्या पाट्या आणि वेगमर्यादा

घाटात किंवा उतारावर मोठा अपघात झाला की दोन दिवस सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, ‘हे ट्रकवाले नियम पाळतच नाहीत.’ २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनामुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं, तेव्हाही हेच बोललं गेलं. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते. माझ्या टेबलासमोर रोज ड्रायव्हर बसतात, चहा पितात, पुढच्या लोडची वाट बघतात. वेगमर्यादेबद्दल त्यांची मतं ठाम आहेत, पण ती त्यांना कोणी विचारत नाही.

थोडी माहिती आधी देते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर कमाल ताशी ८० किलोमीटर, कारला १२०. स्थानिक यंत्रणा यापेक्षा कमी मर्यादा लावू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेरे सुरू झाले, तेव्हा घाटात जड वाहनांना ४० होती. २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांत स्पीड गव्हर्नरही (ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) सक्तीचा आहे : साधारण ८० वर बांधलेला, टँकर आणि डंपरला ६० वर.

जे स्वतः चालवतात, ज्यांच्या घरात कोणी चालवतं, जे या गाड्या दुरुस्त करतात, त्या सगळ्यांनी लिहा. कोणती पाटी बघून तुमचा पाय खरोखर ब्रेकवर जातो? कोणती पाटी दिसूनही दिसत नाही? आणि का?

बारा टायर

ताई, विचारलंत बरं केलंत.

घाटातल्या ४० बद्दल बोलतो. भरलेली गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ४० ही मर्यादा वाटतच नाही. लोड असेल तर मी तीसच्या आसपास असतो. गिअर खालचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी रोखणारा) चालू, पाय ब्रेकवर कमीत कमी. माझ्या उस्तादांनी शिकवलेलं, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय ते भरलेल्या गाडीला लागू पडतंच.

मोकळ्या गाडीचं तसं नाही. मोकळा कंटेनर पन्नास-पंचावन्नला व्यवस्थित ताब्यात असतो. मागून बस हॉर्न मारत असते, शेजारून कार साठने जातात. तिथे ४० धरून बसणं जीवावर येतं आणि तिथेच नव्या पोरांचा पाटीवरचा विश्वास उडतो. कॅमेऱ्याला गाडी भरलेली की मोकळी हे कळत नाही. तरीही माझं मत विचाराल तर ४० राहू दे. भरलेल्याला ४० आणि मोकळ्याला ५५ अशी सोय केली, तर मोकळी गाडी भरलेलीच्या पाठीवर येऊन आदळेल.

आमचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून घाटात माझं लक्ष पाटीपेक्षा हवेच्या काट्यावर जास्त असतं. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की काटा थोडा खाली येतो, इंजिन हवा भरतं, काटा वर जातो. घाबरून दाब-सोड, दाब-सोड करत राहिलं की हवा भरायला वेळच मिळत नाही. काटा उतरायला लागतो, मग बझर वाजतो, आणि त्याच वेळी ब्रेकचे लायनर (चाकाच्या ड्रमवर घासून गाडी थांबवणारे) जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. तो वास एकदा ज्याने घेतलाय त्याला न्यूट्रल करू नका म्हणून सांगावं लागत नाही.

ब्रेकमेस्त्री

वर बारा टायरवाल्या भाऊंनी लिहिलंय ते अगदी खरं. त्याला मेकॅनिककडून पुस्ती जोडतो.

वेग ४० चा ८० झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जिरवावी लागते. २०१८ मध्ये पासिंगचं वजन वाढलं : दोन अॅक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५, तीन अॅक्सलचं २५ वरून २८.५. वजन जितकं जास्त तितकी उष्णता जास्त. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पाय पूर्ण खाली गेला तरी गाडी थांबत नाही. माझ्याकडे टो करून आणलेल्या गाड्यांचे लायनर काढले की वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. बोट फिरवलं की कळतं, गाडी कशी उतरवली असेल.

न्यूट्रलचा विषय. ‘डिझेल वाचतं’ हा समज अजून जात नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रल करून डिझेलही वाचत नाही आणि इंजिनचा ब्रेकही जातो. कोणी इंजिनच बंद करत असेल तर हवा भरणारा कंप्रेसर थांबतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं. मालकांना हात जोडून विनंती आहे, अॅव्हरेजवर बक्षीस लावण्याआधी ड्रायव्हरला हे समजावून सांगा. कारण न्यूट्रलची सवय त्या बक्षिसातून लागते.

आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. तडा जातो.

कांदा-वाशी

आमचा प्रश्न वेळेचा आहे.

लासलगाव-पिंपळगावकडून माल भरून पहाटेच्या आत वाशी मार्केटला लागायचं असतं. गाडी संध्याकाळी भरून निघेल असं ठरतं. हमाल उशिरा येतात, वजनकाटा बंद असतो, पावतीला वेळ लागतो. निघायला रात्रीचे अकरा. तो गेलेला वेळ कोणाच्याच खात्यात जात नाही, तो रस्त्यावर भरून काढायचा असतो. म्हणजे माझ्या पायाने. मालकाचा फोन कसारा यायच्या आधी दोनदा येऊन गेलेला असतो. ‘कुठे पोचला’ एवढंच विचारतात, ‘जोरात ये’ असं कोणी म्हणत नाही. पण त्या ‘कुठे पोचला’चा अर्थ आम्हाला कळतो.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला ८ तास काम, असं त्यात लिहिलं होतं. मी ज्या ज्या मालकांकडे काम केलं त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून हा कायदा ऐकला नाही. एका युनियनवाल्या काकांकडून कळला.

पहाटे तीन ते पाच पाट्या दिसतात पण डोक्यात शिरत नाहीत. डोळा उघडा असतो, पाटी मागे जाते, आणि मग प्रश्न पडतो की ६० होतं की ८०. अशा वेळी नवा फलक लावून काय होणार? थांबायला जागा पाहिजे. उजेड असलेली, राखण असलेली, जिथे झोपलं तर डिझेल चोरीला जाणार नाही अशी. कसारा उतरल्यावर तशी जागा शोधत शोधत मी कितीदा तरी झोपेतच पुढे गेलो असेन. मर्यादा पाळायची माझी तयारी आहे. वेळेचं गणित माझ्या एकट्याच्या माथी मारू नका.

मालक-चालक

गाडी माझी, चालवतो मी. चलानबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

एका महामार्गावर वेग ८० वरून थेट ४० होतो. ती ४० ची पाटी वळण सुरू झाल्यावर, डाव्या बाजूला, झाडाच्या फांदीआड. डाव्या लेनमध्ये पुढे दुसरा ट्रक असला तर ती त्याच्या बॉडीमागे झाकली जाते. दिसेपर्यंत तुम्ही तिच्या बरोबरीला आलेले असता. मोबाइलवर चलान आलं तेव्हा मी फोटो बारकाईने पाहिला. गाडी वेग कमी करत होती, मागचा लाल दिवा फोटोत पेटलेला दिसतोय. तक्रार केली, उत्तर आलं नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर जड वाहनाला वेगाचा दंड २ ते ४ हजार. एका फेरीत दोन चलानं लागली तर त्या भाड्यात मला काही उरत नाही. पगारी ड्रायव्हरचं तर आणखी वाईट, चलान गाडीच्या नावावर येतं आणि कापलं जातं त्याच्या पगारातून.

पण कॅमेरे काढा असं मी म्हणणार नाही. एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्यापाशी सगळे ब्रेक मारतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा दाबतात, ते जास्त धोक्याचं. दोन ठिकाणांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे आले, तिथे गाड्या खरोखर एका लयीत चालायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघतो. कॅमेरा हवाच. पण ८० नंतर आधी ६० ची पाटी, मग ४० ची, दोन्ही बाजूंना, आणि दुरून दिसतील अशा. चार-पाचशे मीटर आधी कळलं तर भरलेली गाडी आरामात खाली आणता येते.

समृद्धीवरून

७०१ किलोमीटर, सरळ, काँक्रीट. आम्हाला ८०, कारला १२०. घाटवाल्यांचे त्रास वेगळे, आमचे वेगळे. इथे पाटी नसणं हाच त्रास आहे. तासभर एकसारखा आवाज, एकसारखी पट्टी, काही बदलत नाही, आणि डोकं बधिर होतं.

कारवाले विचारतात, ट्रक ट्रकला ओव्हरटेक करताना एवढा वेळ का लावतो. पुढचा ७७ ने चाललाय, मी ८० वर बांधलेला. मिनिटाला फक्त ५० मीटर पुढे सरकतो. लांब गाडी पूर्ण ओलांडायला मिनिटभर तरी लागतो आणि तेवढ्यात सव्वा-दीड किलोमीटर रस्ता संपतो. मागून १२० ने येणाऱ्याला वाटतं हा मुद्दाम अडवतोय. मी आता तीन-चारच्या फरकासाठी लेन सोडतच नाही, मागे राहतो. पण पुढचा ५० ने रखडत असेल तर जावंच लागतं.

कडेला उभ्या केलेल्या गाड्या हा इथला सगळ्यात मोठा धोका. रात्री मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल. ८० ने सेकंदाला २२ मीटर जातो माणूस. दिसलं म्हणेपर्यंत अंतर संपलेलं असतं.

पाटी लावणारा

मी रस्त्याच्या फलकांच्या ठेकेदाराकडे काम करतो. फलकांचे आकार आणि अंतर आयआरसी ६७ या नियमावलीत ठरवून दिलंय : लाल काठाचा गोल म्हणजे पाळायलाच हवं, त्रिकोण म्हणजे सावध राहा, निळा चौकोन म्हणजे माहिती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणूनच ते आकार आहेत. पण पुष्कळ ठिकाणी आमच्याकडून लांबलचक वाक्यांचे बोर्ड लावून घेतात. ८० च्या वेगात असा बोर्ड वाचायला चार सेकंद गेले तर गाडी ८८ मीटर पुढे गेलेली असते.

ट्रकवाल्यांचा विश्वास का उडतो ते मी आतून पाहिलंय. ‘काम चालू, वेग २०’ हा बोर्ड काम सुरू होताना लागतो आणि काम संपल्यावर तिथेच राहतो. काढायला कोणी सांगत नाही. आठवडा, महिना रोज तिथून जाणारा ड्रायव्हर बघतो की पुढे काहीच नाही. मग एके दिवशी खरोखर रस्ता खणलेला असतो, आमची माणसं तिथे उभी असतात, आणि बोर्ड तोच असतो. ट्रक भरधाव आला की आम्ही बॅरिअरच्या पलीकडे उड्या मारतो. खोटा झालेला बोर्ड काढून टाकणं हे नवीन लावण्याइतकंच गरजेचं आहे, हे मी प्रत्येक साइटवर सांगतो.

ड्रायव्हरची मुलगी

बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही सावकाश. महाराष्ट्रात यूपी, बिहार, राजस्थानच्या गाड्याही चालतात, त्यांची तीच गत. वरचं आकारांबद्दलचं वाचून त्यांना सांगितलं, ते ‘हो’ म्हणाले.

ते सर्वांत जास्त भरवसा ठेवतात तो ड्रायव्हरांनी एकमेकांसाठी केलेल्या खुणांवर. समोरून येणाऱ्याने डिपर मारला, क्लिनरने हात बाहेर काढून खालीवर केला, रस्त्यात झाडाची फांदी टाकलेली दिसली, की पुढे गाडी बंद पडलीय. ती खूण त्या घडीची असते, म्हणून खरी असते. तेच पुढे असंही म्हणाले, की गाडी नीट झाल्यावर लावलेले दगड तसेच रस्त्यात ठेवून जाणाऱ्यांना पहिल्यांदा दंड करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा टायर दादा, एक विचारते. तुम्हाला एकच पाटी लावायची मुभा दिली तर कुठे लावाल?

बारा टायर

खंबाटकीला. साताऱ्याकडून पुण्याला येताना बोगदा संपला की उतार आणि लगेच एस वळण. अंधारातून एकदम उन्हात आलं की क्षणभर काही दिसत नाही, तेव्हा तोंडापाशी लावलेल्या फलकाचा उपयोग कमी. मी बोगद्यात शिरायच्या आधी मोठा त्रिकोण लावेन, नुसतं वळणाचं आणि उताराचं चित्र, खाली अंतर. आणि बोगद्याच्या आत पुन्हा एकदा, दिव्याचा. गिअर आतच पाडायला हवा, बाहेर आल्यावर पाडायला गेलं तर उशीर होतो.