सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती आणि वंशाचा निकष

प्रश्न (बीड): माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले आहे. नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वर्तवणाऱ्या अमेरिकी गणकात वंशही विचारत असत, असे वाचले. त्याने काय फरक पडत असे?

उत्तर (लातूर): २००७ च्या त्या गणकात कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक अशी नोंद केली की शक्यता आपोआप घटत असे. आकडा पाहून नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्नच नाकारला जाण्याची भीती होती, आणि माझ्या मते ती रास्तच होती. २०२१ मध्ये वंश वगळण्यात आला.

उत्तर (अंबाजोगाई): तुमच्या बहिणीसाठी गर्भाशयावरील छेद आडवा होता की उभा हे महत्त्वाचे आहे, म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड शोधावे. आडव्या छेदानंतर साधारण ६० ते ८० टक्के प्रयत्न यशस्वी होतात. मात्र व्रण फाटण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असला तरी जीवघेणा असल्याने, तातडीचे ऑपरेशन आणि रक्त उपलब्ध असेल तेथेच प्रसूती व्हावी.