'मॅन-मिडवाइफ'ला मराठीत काय म्हणाल?

अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या बाळंतपणांवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात जिथेतिथे 'मॅन-मिडवाइफ', म्हणजे बाळंतपणं करणारा पुरुष, येतो. प्रसूतितज्ज्ञ लिहिलं तर आजचा हॉस्पिटलवाला डॉक्टर वाटतो, 'पुरुष-सुईण' लिहिलं तर माझं मलाच हसू येतं. काय करू?

प्रतिसाद १: सुईणबुवा लिहा की! (सॉरी, राहवलं नाही.) प्रसाविका हा सरकारी शब्द, नर्सिंगच्या कोर्समधला, त्यावरून प्रसावक होईल पण १७५० च्या लंडनात फारच परका वाटेल. दाई नकोच, आमच्याकडे मूल सांभाळणारीलाही दाईच म्हणतात.

प्रतिसाद २: हसू येतंय ना, मग 'पुरुष-सुईण'च ठेवा. तेव्हाच्या लोकांनाही 'मॅन-मिडवाइफ' खटकायचाच. मिडवाइफमधली वाइफ म्हणजे बायको नाही, जुन्या इंग्रजीत नुसती बाई, आणि मिड म्हणजे सोबत. हे पुरुष-सुईण येण्याआधी पुरुष सर्जनला बोलवायचे ते बाई अडली की, आणि बरेचदा मूल पोटातच दगावलेलं असायचं, म्हणजे तो दारात आला की घरचे काय ते समजायचे. चेंबरलेन नावाच्या सर्जन घराण्याकडे मूल ओढून काढायचा चिमटा (फोर्सेप्स) होता पण तो त्यांनी पिढ्यानपिढ्या लपवून ठेवला (धंदा हो, दुसरं काय), १७३० नंतर तो बाकीच्यांच्या हातात आला आणि अडलेलं मूल जिवंत काढता यायला लागलं, तिथून या मंडळींचं बस्तान बसलं. त्यांच्यातलाच विल्यम स्मेली १७३९ मध्ये लंडनला आला, चामड्याच्या बाहुल्यांवर शिकवायचा, गरीब बायकांची बाळंतपणं फुकट करायचा पण विद्यार्थी बघत उभे राहणार ही अट. त्याच्यावर एलिझाबेथ निहेल तुटून पडली. ती पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात शिकलेली सुईण, १७६० मध्ये तिने पुस्तकच लिहिलं की या लोकांना धीर नाही, उगाच हत्यारं चालवतात. थोडा पोटापाण्याचाही राग असणार, पण मुद्दा खोटा नव्हता. १७९३ चं एक व्यंगचित्र तर बघाच, एकच माणूस, मधोमध उभा दुभागलेला, अर्धा पुरुष, अर्धी बाई. प्रसूतितज्ज्ञ लिहिलंत की हे सगळं भांडणच गायब.

प्रतिसाद ३: पुढे त्या लोकांनाच हे नाव नकोसं झालं, मग 'अकूशर' असा फ्रेंच शब्द लावायला लागले. तुमच्या लेखात तो आला तर तिथे वेगळा शब्द लागेल, दोन्हीला एकच नको.

प्रश्नकर्ती: येतो ना, शेवटच्या भागात. तिथे प्रसूतिवैद्य करते, बाकी सगळीकडे पुरुष-सुईण. आणि फोर्सेप्सला चिमटाच, आजी 'चिमटा लावून झाला' असंच म्हणायची.