पठारावर एकच पान आणि पांढरी फुलं, हे ऑर्किड आहे का?

मुलुंडकर:
रविवारी कर्जतकडे ट्रेकला गेलेलो. वर पठारावर गवतात एकच गोलसर पान जमिनीला चिकटलेलं आणि मधून टीचभर दांडा, त्यावर दोन-तीन पांढरी फुलं. ग्रुपमधला एक म्हणाला ऑर्किड आहे, पण ऑर्किड झाडावर असतात ना? कंदासकट आणून कुंडीत लावलं तर जगेल का? बाल्कनीत दुपारनंतर चांगलं ऊन येतं.

रानवेडी:
हो, ऑर्किडच, मराठीत आमरी म्हणतात. ही आषाढ हबे आमरी वाटतेय, हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. फूल बाजूने बघितलंत का? मागे हिरवट लांब शेपटी लोंबते, ती पोकळ नळी असते आणि मध पार तिच्या टोकाशी. म्हणून हबेनारियांवर जास्त करून लांब सोंडेचे पतंगच येतात आणि जाताना परागाचे गठ्ठे अंगाला चिकटवून नेतात. झाडावरच्या म्हणजे सीतेची वेणी वगैरे, पण आपल्याकडे जमिनीतल्या आमऱ्याही भरपूर आहेत, वाघचौरा त्यातलाच.

कातळकर:
आणू नका हो प्लीज. कातळावर चार बोटं माती, पावसात चिंब आणि उन्हाळ्यात भट्टी, त्यात ती जगते कारण पाऊस संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि खाली फक्त कंद झोपून राहतो, वरून वणवा गेला तरी बहुतेक वेळा वाचतो. दरवर्षी जुन्या कंदाच्या बाजूला नवा तयार होतो, तुम्ही ऐन फुलात उपटलं तर तो अर्धवटच राहणार. शिवाय बी धुळीसारखं, त्यात रुजायला अन्नच नाही, मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. ती बुरशी कुंडीतल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) कुठून आणणार?

मला उपटणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो तो वृक्षारोपणवाल्यांचा. जुलै आला की बॅनर घेऊन पठारावर खड्डे मारायला हजर, का तर म्हणे जागा उजाड आहे. अरे ते गवताळ रान आहे, तिथे सावली झाली की आमरी गेलीच!

मुलुंडकर:
ओके, नाही आणत 😅 पण कुंडीत चालेल असं काही?

पाऊसवेडा:
नर्सरीत स्पॅथोग्लॉटिस मागा, ग्राउंड ऑर्किड म्हणूनच देतात, जांभळं पिवळं दोन्ही मिळतं. दुपारचं कडक ऊन मात्र नको, जाळी लावा.

रानवेडी:
आणि रानातलीच बघायची तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नर्विलिया ही जमिनीतली आमरी शोधा, झाडांच्या सावलीत. पहिल्या पावसात नुसता फुलांचा दांडा येतो, पान नंतर, तेही एकच, चुण्या पडलेलं. आता गेलात तर पानंच दिसतील. जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये फुलं बघायला जा, फोटो टाकलात तर लोकेशन तेवढं टाकू नका.